दहा फुटांचा आळ

२०२३ साल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. शाळा चौथीतच सुटलेली, पण फूट म्हणजे काय हे कुणाला विचारायची पाळी कधी आली नव्हती. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. त्या साली कळलं की फूटसुद्धा तीन तऱ्हेचे असतात. तेव्हापासनं त्या मापाचीच किळस बसलीय.

गडमुडशिंगीच्या अंगाला आमचं रान. वडिलांनी उत्तरेचं मला दिलं, दक्षिणेचं धाकट्या भावाला. मधे बांध. दरसाल नांगरताना वीतभर बांध आपल्याकडं ओढणारी माणसं असतात, त्यांना बांधकोऱ्या म्हणतात. चोराला लोक एकवेळ पंगतीला बसवतील, बांधकोऱ्याच्या घरात पोरगी देणार नाहीत. नांगर धरला तेव्हापासनं मी बांधापासून हातभर जागा राखूनच नांगराचं तास घेतलं. धाकटा वारला, त्यानंतरही घेतलं.

त्याच्या पोराला, माझ्या पुतण्याला, रानात प्लॉट पाडायचे होते. त्यानं कोल्हापुरातनं एक खाजगी मोजणीवाला आणला. त्याच्या काठीवर पालथ्या वाडग्यासारखं एक यंत्र, ते आभाळातल्या उपग्रहाशी बोलतं म्हणे. काठी घेऊन तो हिंडला आणि त्यानं लाल खुंट्या ठोकल्या. बांधावर नव्हे. बांधापासून दहा फूट आत, माझ्या उसात.

पुतण्या हसला. "तात्या, बांध कवा सरकला वो एवढा?"

"सरकाय त्याला पाय हायत व्हय?"

"पाय न्हाईत, पण नांगराला फाळ असतोय की."

बघायला चार माणसं जमली होती, तीही हसली. एकजण तंबाखू मळत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्हातारं गप गप लई लांब गेलं की." मग ती चौघं गावाकडं गेली. काय सांगत गेली असतील ते मला दिसत होतं.

मी मोजणीवाल्याला धरलं. "पावणं, माझ्या उत्तरेच्या हद्दीवर सरकारी दगड हाय. त्यो तरी मी हलवला न्हाय न्हवं? ठेवा तुमची काठी त्यावर."

नको नको म्हणत त्यानं ठेवली. यंत्रात तो दगडही दहा फूट चुकीच्या जागी दिसला. सरकारी नकाशाप्रमाणं दगड पलीकडच्या डांबरी रस्त्यात पाहिजे होता. मोजणीवाल्याचं तोंड उतरलं. गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून त्यानं आकडे तपासले, मग म्हणाला, "आजोबा, फूट चुकला."

"म्हंजे?"

तो सांगत गेला. संगणकात फुटांची यादी असते. आपला जुना हिंदुस्थानी फूट वेगळा, सगळ्या देशांनी मिळून ठरवलेला वेगळा, अमेरिकेतल्या मोजणीवाल्यांचा आणखी वेगळा. नकाशा जुन्या फुटात काढलेला, यानं निवडला दुसरा.

"किती फरक असतोय दोघांत?"

"केसाएवढाही नाही. पण नकाशातलं अंतर विषुववृत्तापासून धरतात. साठ लाख फूट होतात. तेवढ्या लांबीवर साठत साठत दहा फूट सरकतं."

"ते विषुववृत्त कुठं आलं?"

"खाली, लंकेच्याही पलीकडं. समुद्रात."

"माझा बांध समुद्रापास्नं मोजला तुमी?"

"पद्धतच तशी आहे."

हॉटेलात भाजी निवडावी तसा यानं फूट निवडला आणि एका म्हाताऱ्याची अब्रू उसात ठोकली. वर 'होतं असं कधीकधी' म्हणाला. खुंट्या उपटल्या, पुन्हा मोजलं, बरोबर बांधावर ठोकल्या, हात धुतले आणि चहा आहे का म्हणून विचारलं. पाणीसुद्धा विचारलं नाही मी.

पुतण्या म्हणाला, "मिटलं की मग, तात्या."

"दुपारी चार माणसांत बोललास त्याचं काय?"

"मी कुठं बोललो? मशीन म्हणत हुतं."

बापाची शपथ सांगतो, खुंट्यांचं एवढं काही वाटलं नाही. या उत्तराचं वाटलं. माणूस खोटं बोलला तर त्याला शिवी देता येते. हा मशीनमागं लपला.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर गेलो. तंबाखूवाला तिथंच होता. "काय तात्या, दहा फूट सोडलं म्हणं? बरं केलंसा. भावाच्या पोराचंच हाय शेवटी."

"सोडलं न्हाय. खुंट्याच चुकीच्या हुत्या. मशीनात फूट दुसरा घातलेला."

"फूट दुसरा कसा असल वो?" तो म्हणाला आणि गाड्यावरची सगळी हसली.

सकाळी मला कुणी हेच सांगितलं असतं, तर मीही असाच हसलो असतो. कपातला चहा तसाच ठेवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता आणि फावडं घेऊन रानात गेलो. माझ्या बाजूची, बांधाला लागून असलेली उसाची अख्खी सरी तोडली. माझं पोरगं मागनं ओरडत होतं, "आबा, उभा ऊस हाय त्यो." "बांध सरकला म्हणत्यात न्हवं? मग सरकू दे, माझ्याच रानात," म्हणालो आणि ऐकलं नाही. त्या सरीची माती फावड्यानं ओढून बांधावर टाकली आणि बांध माझ्या रानात सरीभर रुंद केला.