वानेसची न फुटणारी बाटली

सेक्किया नदीवरच्या आमच्या नव्या पुलाच्या कठड्यावर कोणत्या वाइनची बाटली फोडायची, यावरून वानेस मालागोली तीन दिवस नगरपालिकेच्या पायरीवर बसून होता. नगराध्यक्षबाईंनी उत्तरेकडची पांढरी, महागडी फेसाळती बाटली मागवली होती. समारंभाला म्हणे तीच शोभते.

"पूल आपला, नदी आपली, आणि फेस परक्यांचा?" वानेस येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा.

चाळीस वर्षं त्याने सहकारी वाइनरीत बाटल्यांच्या बुचांना तार आवळली होती. बारसं असो वा लग्न, गावाची बाटली उघडायची ती वानेसने. बूच अंगठ्याने असं अलगद सोडायचा की शेजारी निजलेलं पोरही जागं होत नसे. वाइन मात्र सोर्बारा द्राक्षाचीच हवी, आमच्या सपाटीवरची, फिकट लाल, गुलाबी फेसाची. त्याची बायको झेलिंदा टेकड्यांकडची. तिकडे ग्रास्पारोस्सा द्राक्ष, वाइन गर्द जांभळी. एक्कावन्न वर्षं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर दोन बाटल्या असत.

"तुझी म्हणजे शाई," तो म्हणे.

"आणि तुझी म्हणजे लाल कपडे धुतलेलं पाणी," ती म्हणे.

चौथ्या दिवशी नगराध्यक्षबाई थकल्या. वानेसची बाटली ठरली. झेलिंदाने ती कागदात गुंडाळून, वर फीत बांधून दिली.

समारंभाला बँड वाजला, पाद्र्यांनी पाणी शिंपडलं, बाईंनी दोरीला बांधलेली बाटली कठड्यावर सोडली. टण् झालं. बाटली परत आली. पाद्र्यांनी सोडली, अग्निशमन दलाच्या प्रमुखाने सोडली. सातव्या फटक्याला कठड्याचाच टवका उडाला.

रुज्जेरो बिझी नावाचे किडकिडीत इंजिनियर पुढे आले. "कठड्याला इजा झाली आहे. तपासणी होईपर्यंत पूल बंद. कशाला हात लावायचा नाही."

अशा रीतीने उद्घाटनाच्या दिवशीच पूल बंद झाला. बाटलीलाही हात लावायचा नव्हता, म्हणून ती तिथेच लटकत राहिली. सहा आठवडे गाव नऊ किलोमीटरचा वळसा घालून पलीकडे जात होतं, आणि वानेस कॅफेत शिरला की कुणीतरी म्हणायचं, "घ्या, आले पुलाचे मालक."

मग एका शनिवारी बेकरीवाल्यांच्या मिरेल्लाचं लग्न आलं. नवरा पलीकडचा, चर्चही पलीकडे. अलीकडे वऱ्हाड उभं, गाडी बिघडलेली.

"या चपलांवर मी नऊ किलोमीटर चालणार नाही," मिरेल्ला म्हणाली. "त्याला पुलाच्या मधे येऊ दे, मीही मधे येते."

वानेस पूल बंद म्हणून लावलेल्या पट्टीखालून वाकून पुलावर गेला. दोरी सोडली, कागद फाडला, अंगठ्याने बूच काढलं. आवाज झाला नाही. पेल्यात वाइन ओतली तर फेस जांभळा. त्याने पेला उजेडात धरला.

"झेलिंदा, ही तर तुझी."

"गुंडाळली कुणी होती?"

"सहा आठवडे तुझी बाटली लटकत होती, आणि लोकांची बोलणी मी खाल्ली?"

"मी सांगितलं असतं तर मला खावी लागली असती."

मिरेल्ला चपला हातात घेऊन निघाली. मागोमाग वऱ्हाड, पलीकडून नवरदेव आणि त्याचं वऱ्हाड. वाइनच्या पेट्या आल्या, अकॉर्डियन आला. बिझीसाहेब ओरडत धावत आले, तर कुणीतरी त्यांच्या हातात पेला दिला. त्यांनी सवयीने डोकी मोजली. एकशे चाळीस माणसं नाचत होती आणि पूल हलत नव्हता. सोमवारी त्यांनी अहवाल दिला, भार चाचणी यशस्वी. पूल खुला झाला.

त्या शनिवारी वानेस झेलिंदाच्या देखत तिच्या माहेरच्या वाइनचे दोन पेले प्याला. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदाच.

घरी जाताना तिने विचारलं, "कशी होती?"

"पूल बरा झालाय," तो म्हणाला.