गोगलगायीचं बारसं

मुरुडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे आम्ही दोघंच. ओहोटी लागली की तो पँट दुमडून खडकांत शिरतो, शिंपलीला टिचकी मारतो आणि म्हणतो, "खाते, वाढते, दचकते. जिवंत हाय ना बाय? मग नाव सांग!" मुलं खिदळतात. माझ्या तासाला तीच जांभया देतात.

त्याच खडकांवर मीही उभा जन्म काढला, पण नव्या जातीची गोगलगाय सापडली ती त्याला. प्राण्याला स्वतःचंच नाव द्यायचं नसतं, म्हणून त्याने माझं दिलं. "मित्रा, अमर झालास!" म्हणत पेढेही त्यानेच वाटले.

पण शास्त्राचा रिवाज असा, की प्राण्याच्या नावानंतर ते ठेवणाऱ्याचं आडनाव लिहायचं. म्हणजे मी अमर झालो तिथेही हा माझ्या मानगुटीवर बसलेलाच. म्हणून इथे तरी मी त्याचं नाव लिहिणार नाही.