आनंदी तोंडाखालची चिठ्ठी

जवळा बाजारच्या पुढं आमची दोनशिक्षकी शाळा आहे. तिथं मी तिसरी-चौथीला शिकवते, खिचडीचं रजिस्टर भरते आणि उरलेल्या वेळात फोटो पाठवते. खरं सांगायचं तर फोटो आधी, बाकी सगळं उरलेल्या वेळात.

गेल्या वर्षी वरून भावनांचा तक्ता आला. त्यावर चार तोंडं काढलेली: आनंदी, दुःखी, रागावलेलं, घाबरलेलं. रोज परिपाठानंतर प्रत्येक लेकरानं आपल्या नावाची चिठ्ठी त्यातल्या एका तोंडाखाली लावायची आणि मॅडमनी त्यावर त्याच्याशी बोलायचं. कल्पना चांगली होती, उगाच कशाला नावं ठेवू. पण त्याचा फोटो अकराच्या आत केंद्राच्या ग्रुपवर आणि पालकांच्या ग्रुपवर गेलाच पाहिजे, ही मेख कुणी मारून ठेवली देव जाणे.

पहिल्या दिवशी निम्मा वर्ग रागावलेला निघाला. एकाची पेन्सिल हरवली होती, एकीला भावानं चिमटा काढला होता, दोघं तर नुसते दुसऱ्यांचं पाहून रागावले होते. मला हसू आलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी केंद्रप्रमुखांचा फोन. "मॅडम, तुमच्याच शाळेत असं काहून? हा फोटो मी वर पाठवू कसा?"

डोकंच फिरलं माझं. म्हटलं, घ्या मग. दुसऱ्या दिवसापासून मी फर्मान काढलं, सगळ्यांनी आनंदीखाली लावा आणि पुस्तकं काढा. दोन मिनिटांत भावना उरकायच्या, फोटो जायचा, केंद्रप्रमुखांचा अंगठा यायचा. आजूबाजूच्या शाळाही हेच करून राहिल्या होत्या, मी काही एकटी नव्हते.

फक्त तिसरीतली एक पोरगी ऐकेना. एरवी शहाणी, पाढे तोंडपाठ, पण चिठ्ठी बराबर घाबरलेल्या तोंडाखाली. दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा खेकसले, "काहून गं, रोज तुझं एकटीचंच काय?" ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. त्या दिवसांत ऑनलाइन माहितीचा तगादा होता, तांदूळ संपत आला होता, दुसरे गुरुजी ट्रेनिंगला गेले होते. तिच्याजवळ बसून विचारायला सवड कुणाला होती? मी तिची चिठ्ठी उपटली, आनंदीखाली डकवली आणि फोटो काढला. आठवडाभर हेच चाललं. ती तिकडं लावायची, मी इकडं.

सोमवारी ती आली नाही. तिची आई आली, दाखला मागायला. बाळापूरला मावशी बाळंत झाली होती आणि तिचं लेकरू सांभाळायला पोरीला तिकडंच ठेवायचं ठरलं होतं.

"तिथल्या शाळेत घालू की सवडीनं," ती म्हणाली.

असल्या सवडी मी खूप पाहिल्यात. पोरीच्या कडेवर एकदा लेकरू बसलं की दप्तर खुंटीला लागतं ते लागतंच. मी भडकले. "अहो, पोरगी कवाची घाबरून आहे, तुमाला दिसलं न्हाई का?"

"दिसलं की. रोज रडत व्हती, मला धाडू नको म्हणून. मलाबी कसंतरीच वाटून राहिलं होतं. मंग थोरल्यानं मोबाइलात तुमचे फोटो दाखवले. म्हणला, हे बघ, शाळेत तर हिचं नाव रोज आनंदीत हाय."

मग सांगावंच लागलं. चिठ्ठी मीच हलवत होते, रोज.

तिची आई म्हणाली, "सकाळीच मामाच्या गाडीवर धाडली तिला. निघताना म्हणत व्हती, मी घाबरलेल्यातच लावती, मॅडमला विचार. म्या दोन ठेवून दिल्या तिला. म्हणलं, मॅडम कशाला खोटं करतील."