सोबत कोण आलंय?

गल्लीत डॉक्टरांचं नाव 'दोन मिनिटं' पडलं होतं. पेशंट तपासायला त्यांना तेवढीच लागत. या वेगाचं गुपित साधं होतं: ते पेशंटला काही विचारतच नसत. कोणी आत शिरलं की पहिला प्रश्न, "सोबत कोण आलंय?" म्हातारा असला की सुनेला विचारायचं, तरुण असला की आईला. म्हातारे पाल्हाळ लावतात, पोरं तोंडाला कुलूप लावतात. बरोबरची माणसं कशी मुद्द्याचं बोलतात! चाळीस वर्षं हा कारखाना बिनतक्रार चालला.

परवाना टिकवायचा तर प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात. म्हणून रविवारी ते डुलकीची सोय पाहून शेवटच्या रांगेत बसले. विषय होता तरुणांचं मन आणि म्हाताऱ्यांची देखभाल. शिकवणाऱ्या बाई त्यांच्या लेकीहून लहान. त्यांनी सगळ्यांना नाटुकलं करायला लावलं, आणि पांढरे केस पाहून म्हाताऱ्याची भूमिका बिनविरोध आपल्या डॉक्टरांना मिळाली. शेजारचा एक जण त्यांचा मुलगा झाला, दुसरा तपासणारा डॉक्टर.

"बाबा जेवतात का?" तपासणाऱ्याने मुलाला विचारलं.

"कुठलं हो! हट्टी झालेत."

"अहो, मी इथं बसलोय!" डॉक्टर म्हणाले.

"चिडचिड पण करतात का?"

"बघा ना, आत्ताच केली."

वर्ग खो-खो हसला. डॉक्टरही हसले आणि मध्येच थांबले. मंगळवारची मुलगी आठवली. शिवणकाम करणाऱ्या बाईंची एकोणीस वर्षांची लेक. आईचं तोंड मशीनसारखं चाललं होतं: खात नाही, मोबाइल सोडत नाही, नुसती नाटकं. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. मुलगी दारातून मागे वळली होती.

"डॉक्टरकाका, मी एकटी आले तर चालेल?"

"आईला घेऊनच ये गं. तुला काय सांगता येणार!"

चहाच्या सुट्टीत ते उठले.

"सर, संध्याकाळी सही नसली तर तास धरणार नाहीत," दारावरचा कारकून म्हणाला.

"नका धरू."

ते थेट शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी पोचले. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईला त्यांनी बाहेर पाठवलं.

"आज तुलाच विचारायला आलोय, बाळ."

"तिला काही झालेलं नाही हो!" दाराआडून आई.

"बाई, जरा गप्प बसा!"

कोपऱ्यातल्या चिंध्या पंख्याच्या वाऱ्याने हलत राहिल्या.

"सकाळी उठूच नये असं वाटतं," ती अखेर म्हणाली.

"मरावंसं वाटतं?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघाला.

तिने होकारार्थी मान हलवली.

"मंगळवारी हेच सांगायचं होतं."

डॉक्टरांची मान खाली गेली. हिला आज क्षणभरही एकटं ठेवायचं नाही, मनोविकारतज्ज्ञाला फोन लावायचा, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण आत्ता, या मिनिटाला, तिच्याशी बोलायचं काय? ते प्रशिक्षणाच्या दुपारच्या सत्रात होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तिच्याजवळ नुसते बसून राहिले.