अर्ध्या वाटीतली दाढी

अख्ख्या मराठवाड्यात अर्ध्या वाटी पाण्यात दाढी करणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो माझा घरमालक होता. अर्धी वाटी म्हणजे अर्धीच, आणि वाटीसुद्धा आमटीची नव्हे, चटणीची. तेवढ्या पाण्यात ब्रश भिजायचा, गाल भिजायचे, शेवटी वस्तरा न्हायचा, आणि एवढं होऊनही जे चार थेंब उरत ते अंगणातल्या कढीपत्त्याला मिळायचे. कढीपत्ता जगलाही होता. मी त्याच्याकडे नेहमी आदराने बघत असे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. कलेक्टर आले, कचेरी आली, जागोजागी नव्या कोऱ्या पाट्या आल्या. यायचं राहिलं होतं ते फक्त पाणी. पाऊस रुसलेला, विहिरींचे तळ उघडे पडलेले, गल्लीत दिवसाआड टँकर. मी मूळचा नांदेडजवळच्या बिलोलीकडचा; आई तिकडेच. नव्या कचेरीत कनिष्ठ कारकून म्हणून रुजू झालो आणि या गृहस्थांची पुढची खोली भाड्याने घेतली. गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. मीही पहिल्याच दिवसापासून अप्पाच म्हणू लागलो, कारण घरमालक म्हणून हाक मारली तर ते ओ देत नसत.

अप्पा सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. जगातले सगळे रोग वस्तू न उकळल्यामुळे होतात, यावर त्यांचा महादेवाइतकाच विश्वास होता. ते चमचे उकळत, कात्री उकळत, सुई उकळत, आणि दुष्काळ म्हणून हे सगळं एकाच पाण्यात पाळीपाळीने उकळत. एकदा मी कचेरीत असताना त्यांनी माझा प्लास्टिकचा कंगवा उकळला. तो भांड्यातून बाहेर आला तो जिलबी होऊन. मी हताशपणे ती जिलबी बघत राहिलो, तर अप्पा म्हणाले, "जंतू मेले न्हवं? मंग झालं!" याच पायी लातुरातल्या एकाही सलूनमध्ये त्यांना थारा उरला नव्हता. खुर्चीत बसायच्या आधीच विचारायचे, "वस्तरा उकळला काय रे?" आणि समोरचा 'हाव' म्हणाला तर "कवा? किती मिनिटं?" अप्पा कोपऱ्यावर दिसले की कारागीर मंडळी जेवायची सुट्टी घेत, असं म्हणतात. सेफ्टी रेझरला ते पत्र्याचं खेळणं म्हणत. त्यांचा स्वतःचा वस्तरा होता, तरुणपणी हैदराबादेत घेतलेला, शिंगाच्या मुठीचा. सकाळी तो कपाळाला लावायचा, चामड्याच्या पट्ट्यावर वीस वेळा फिरवायचा, मग दाढी, मग तुरटी, मग विभूतीचे तीन पट्टे. सोमवारी वस्तऱ्याला सुट्टी. श्रावणात तर महिनाभर रजा.

अशा माणसाचा उजवा हात थरथरायला लागला होता.

त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण हनुवटी सांगत होती. आषाढात त्यांचा मुलगा हैदराबादहून आला. स्वभावाने शांत, बापावर जीव असलेला माणूस. अप्पांच्या हनुवटीवर कापसाचे तीन बोळे चिकटलेले त्याने पाहिले आणि तो माझ्यादेखत म्हणाला, "अप्पा, पोळ्याच्या करीला येतो मी. तवा जर कापूस दिसला, तर घराला कुलूप लावायचं आन माझ्यासंगं यायचं. एकट्याला ठेवणार न्हाई." अप्पांनी नुसती मान हलवली. तो गेल्यावर मात्र मला समोर बसवून हैदराबादेचं वर्णन करू लागले. "तितं खिडकी उघडली की दुसऱ्याची भिंत. वळखीचं कुत्रंबी न्हाई. आन नळाला दिवसभर पाणी! माणूस बिघडतो की रे तेनं." हे शेवटचं बोलताना त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. अप्पांची पत्नी याच घरात वारलेली. अंगणातला कढीपत्ता त्या बाईंनीच लावलेला. मग गुडघ्यावर हात आपटून म्हणाले, "क्लार्कसाहेब, तू शिक."

मी हादरलोच. वडील माझ्या लहानपणीच वारलेले, त्यामुळे घरात दाढी शिकवायला कुणी नव्हतं. मी आपला पैसे टाकून सलूनमध्ये मान पुढे करणारा. वस्तरा हातात धरायचा म्हटलं तरी तळवे ओले व्हायचे. पण अप्पांनी हिशेब पक्का केला होता. श्रावणभर ते दाढी करणार नव्हते, म्हणजे मला शिकायला पुरता महिना होता. पोळ्याला श्रावण संपला की दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, सकाळी महिन्याची दाढी उतरवायची, आणि ती मी.

पहिला आठवडा मी मडक्याची दाढी केली. अप्पा मडक्याला फेस लावत, खडूने दोन चामखिळी काढत, आणि मी वस्तरा हातात घेऊन उकिडवा बसे. "डाव्या हातानं कातडं ताण." मडक्याला कातडं नसतं, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "ताण म्हणलं की ताणायचं!" पट्ट्यावर वस्तरा पाठ पुढे करून ओढायचा असतो; मी धार पुढे करून ओढला आणि पट्ट्याची एक चकती काढली. अप्पांनी ती चकती उचलून माझ्या खिशात घातली. "जपून ठेव. अक्कल आली की परत दे." दुसऱ्या आठवड्यात दुधी भोपळा आला. तिसऱ्या आठवड्यात माझेच गाल. फेस पुसायला पाणी मिळणार नव्हतंच. वस्तरा कागदाला पुसायचा. कागद मी पुरवायचो. जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेल्या, रद्द झालेल्या फॉर्मांचे गठ्ठे कचेरीत पडलेले होते. त्या फॉर्मांवर माझ्या दाढीचे केस आणि थोडंफार रक्तही सांडलं. रोज कचेरीत गेलो की आमचे हेडक्लार्क, बडेबाबू, विचारत, "आज कोणत्या मांजरीनं?"

पण अप्पा कधी चिडून उठून गेले नाहीत. मला बोलत, टोमणे मारत, आणि पुन्हा शेजारी बसत. "वस्तरा चालू आसताना श्वास धर. थांबला की सोड. जल्दीचं काम सैतानाचं." सव्वीस दिवसांनी माझ्या गालावरून त्यांनी बोट फिरवलं आणि नुसतंच "हं" म्हणाले. मला वडिलांनी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. हे मी तेव्हा बोललो नाही, म्हणून आता लिहितो.

करीचा दिवस उजाडला. नशिबाने बुधवार होता. मुलगा नऊच्या गाडीने येणार होता. सातला मी अप्पांना पाटावर बसवलं, कात्रीने रान कमी केलं, फेस लावला, आणि श्वास धरून उजवा गाल साफ केला. एक ओरखडासुद्धा नाही! डाव्या गालाला फेस लावला आणि गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला.

आमच्या टँकरवाल्याचा नियम कडक होता: हजर माणशी एक घागर. माणूस रांगेत नसेल तर त्याची घागर नाही. मी म्हणालो, "अप्पा, आज माझ्याच घागरीवर भागवू." ते पाटावरून केव्हाच उठले होते. "घागर सोडू? दाढीपायी?" आणि अर्धा गाल तुळतुळीत, अर्ध्यावर पांढरा फेस, अशा अवतारात जिल्ह्याच्या ठिकाणचे हे ज्येष्ठ नागरिक रांगेत जाऊन उभे राहिले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. अप्पांनी मान ताठ ठेवली होती. हैदराबादची गाडी नेमकी त्या दिवशी वेळेआधी आली.

रिक्षातून उतरलेला मुलगा मी पाहिला, तेव्हा अप्पा भरलेली घागर घेऊन परतत होते. गालावर कुठे रक्त नव्हतं, पण घागर थरथरत होती. काठावरून पाणी सांडत होतं, आणि ज्या गल्लीत थेंबाला किंमत होती तिथे त्यांच्यामागे ओली रेघ उमटत होती. मुलाने ती रेघ पाहिली. पुढे होऊन घागर घेतली, घरात ठेवली, आणि पायरीवर बसून, माझ्या हाताला लागलेला फेस बघत मला म्हणाला, "ऱ्हायलेली बाजू करा."

मी डाव्या गालाला पुन्हा फेस लावला. एक चूक झाली असती तर अप्पांचं घर सुटलं असतं, तेही माझ्या हातून. अप्पांनी डोळे मिटले. "श्वास धर, लेका," एवढंच पुटपुटले. मी श्वास धरला. मुलानेही धरला असावा, कारण शेवटचा हात फिरवून मी वस्तरा कागदाला पुसला तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच सोडला.

त्याने बापाच्या दोन्ही गालांवरून बोट फिरवलं, अगदी अप्पांसारखंच. मग विचारलं, "तुमी लातुरात किती दिवस हायत?"

"बदली होईस्तोवर."

"मंग बदली होईस्तोवर अप्पा हितंच ऱ्हातील."

बदली चार वर्षांनी झाली, नांदेडला. त्या चार वर्षांत सोमवार आणि श्रावण सोडून रोज सकाळी मी अर्ध्या वाटीत दोन दाढ्या करत होतो. अप्पांच्या हातचं पिठलं आणि बोलणी दोन्ही पोटभर खाल्ली. कचेरीत साहेबांसमोर उभं राहतानाही श्वास धरायला शिकलो. ऑर्डर हातात पडली तेव्हा अप्पाच म्हणाले, "जा. आईजवळ जाशील." आणि हैदराबादला पत्र टाकलं. मुलगा आठवड्याची रजा काढून आला. मी त्याच्यासमोर मडकं ठेवलं, फेस लावला, खडूने दोन चामखिळी काढल्या. "भाऊ, डाव्या हातानं कातडं ताणा." तो म्हणाला, "मडक्याला कसलं कातडं?" पाटावरून अप्पा गरजले, "ताण म्हणलं की ताणायचं!" सहाव्या दिवशी त्यांनी आपण होऊन घराला कुलूप लावलं. निघताना मी ती पट्ट्याची चकती परत द्यायला काढली. त्यांनी माझी मूठ मिटवली. "ऱ्हाऊ दे," म्हणाले.

दोन वर्षांनी हैदराबादहून पोस्टकार्ड आलं. मुलाचं अक्षर, चारच ओळी. "अप्पा गेले. त्रास झाला नाही. जायच्या आदल्या सकाळी दाढी करून मागितली, ती मी केली, अर्ध्या वाटीत. हात हलला नाही."

माझा हलला. कार्ड खाली ठेवावं लागलं.