उजवं कवाड

"मोकळ्या कपाळाची बाई दारात काहून उभी केलीत?"

घरमालकाची आई बोलली. वारंगा फाट्याजवळचं नवं घर, वास्तुशांतीची सकाळ. मी दारापासून चार पावलांवर होते. सगळ्यांनी माझ्या कपाळाकडं बघितलं. सरांनी माशी झटकावी तसा हात हलवला. मी मागं सरकले, चपलांच्या ढिगापाशी.

ते दार मी केलं होतं.

सरांच्या ऑफिसात मी झाडू मारायचे. बांधायच्या आधीच ते लोकांना कॉम्प्युटरवर घर दाखवतात. त्यात तयार दारं ढिगानं, पण सगळी फ्लॅटची. या मालकांना जुन्या चालीचं, दोन कवाडांचं दार हवं होतं. सरांना जमेना. माझे बाबा डोंगरकड्याला सुतार होते. सर जेवायला गेले की मी कॉम्प्युटरपुढं खुर्चीत बसायचे. बघून बघून शिकले होते. चौकट, उंबरठा, कवाडं, कडी, एकेक तुकडा मापानं जोडला. सरांनी पाहिलं. रागावले नाहीत. फाईलवर स्वतःचं नाव टाकलं.

बाबा सांगायचे, घरात पहिलं पाऊल उजवं, म्हणून आधी उजवं कवाड उघडावं. त्यासाठी दोन कवाडांमधली फट झाकणारी पट्टी डाव्या कवाडावर बाहेरून ठोकायची. मी तशीच लावली होती. पण चित्रात दार असं शोभत नाही म्हणून सरांनी एक बटण दाबलं. आरशातल्यासारखं सगळं उलटलं.

मी हळूच म्हणाले, "सर, पट्टी उजवीकडं गेली."

"बाई, चौथीच्या पुस्तकात कॉम्प्युटर होता का?"

ऑफिसातली पोरं हसली. मी झाडू उचलला. गप्प बसले. ती चूक माझी.

सुतारानं कागदावर होतं तसंच बसवलं.

दाराची पूजा झाली. दार केलं म्हणून मालकांनी सरांना नारळ दिला, टोपी घातली. हा मान सुताराचा. बाबांना मिळायचा. मग मालकांच्या बायकोनं उजवं पाऊल उचललं, उजवं कवाड ढकललं. उघडेना. परत ढकललं. पट्टी डाव्या कवाडाला अडली. डावं आधी उघडल्याशिवाय उजवं हलणार नव्हतं.

"अपशकुन झाला," सासू म्हणाली.

मालक सरांवर ओरडले. सरांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि माझ्याकडं बोट दाखवलं. "या बाईनं केलंय ते. चौथी शिकलेली. दया केली, तीच भोवली."

म्हणजे चांगलं तोवर त्यांचं. बिघडलं की माझं.

"तरीच," सासू म्हणाली. "विधवेचा हात लागला दाराला."

सर माझ्याकडं वळले. "बघत काय राहिलीस? ऑफिसात जा, चित्रातलं दार नीट कर."

"न्हाई."

माझाच आवाज, पण मला ओळखू आला नाही. "माझं दार बराबर होतं. उलटं तुमी केलं."

"उद्यापासून येऊ नकोस."

मी ढिगातून माझ्या चपला काढल्या. घातल्या. निघाले.

सरांनी बघायच्या आधीच मी ते दार माझ्या पेनड्राइव्हमध्ये उतरवून घेतलं होतं, न उलटवलेलं. त्या फाईलवर माझं नाव आहे. तेवढं लिहायला चौथी पुरते.

यापुढं दार करीन ते माझ्या नावानं. ते बसवतील त्या दिवशी मी त्याच्या समोर उभी राहीन, याच कपाळानं. ज्याला हे चालत नाही, त्यानं बिनदाराच्या घरात राहावं.