गाडीला चिखल कळतो

एकोणतीस वर्षं मालन तांबडेने एकच वाक्य म्हटलं. डोंबिवलीतल्या कॉलेजात प्रवेश अर्जाच्या खिडकीमागे ती बसायची आणि खिडकीतून हात आत आला, की मान वर न करता म्हणायची, "वाचून सही कर." कुणी घाईघाईत सही ठोकून कागद पुढे सरकवला, तर तो तसाच परत. "काय लिहिलंय वर? सांग मला." पोरं चडफडायची. नाव ठेवलं होतं, वाचूनबाई. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

या बाईने आयुष्यातली सगळ्यात मोठी सही न वाचता केली. तीसुद्धा तीन ठिकाणी.

गाडीचं वेड तिला आधी नव्हतं. एकोणपन्नासाव्या वर्षी क्लास लावून ती चालवायला शिकली, ते नवऱ्याच्या, रवींद्रच्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालं म्हणून. शीळफाट्याच्या रस्त्यावर ट्रेलरच्या मागे गाडी बंद पाडून, मागच्यांच्या शिव्या खाऊन ती तयार झाली. मग एका श्रावणात खडवलीच्या वरच्या पाड्यावरून तिच्या बहिणीचा, नीलाचा, फोन आला.

नीला आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मालनची वेणी तिनेच घातलेली. पाड्यापासून डांबरी रस्ता एक किलोमीटर खाली, आणि मधे लाल मातीची उभी चढण. पावसात तिच्यावरून ना रिक्षा जात, ना टेम्पो. त्या श्रावणात नीलाचा गुडघा अडकला. चार माणसांनी बांबूला घोंगडी बांधली आणि तिला झोळीत घालून खाली आणलं. दुतर्फा बायका उभ्या राहून बघत होत्या.

"मी पदर घेतला तोंडावर," नीला फोनवर म्हणाली. "मालू, आमच्याकडे मेलेल्या माणसाला तसं उतरवतात गं. मी जिवंत होते."

मालन म्हणाली, "ताई, परत झोळीत बसायचं नाही. पुढच्या पावसात मी गाडी तुझ्या दारात आणीन. शब्द."

फेब्रुवारीत ती निवृत्त झाली. पैसे तिचे, हट्ट तिचा: चारही चाकं ओढणारी गाडी हवी. फार मोठी नको, पार्किंगमध्ये मावली पाहिजे, पण चढणीवर चढली पाहिजे. घरात रवींद्र, मुलगा संदेश आणि सून ऐश्वर्या यांना तिने झोळीची गोष्ट इतक्यांदा सांगितली, की शेवटी संदेश हात जोडून म्हणाला, "आई, पाठ झालं. घेऊ."

ठाण्याच्या शोरूममधली सेल्सवाली पोरगी तिला बघून उठूनच उभी राहिली.

"मॅडम, ओळखलंत? मी रसिका. तुम्ही माझा फॉर्म तीनदा परत केलेलात."

"सही कुठे चुकलेली?"

"सही बरोबर होती. वर काय लिहिलंय ते मला सांगता येत नव्हतं."

दोघी हसल्या. मालनला वाटलं, चला, आपलं माणूस भेटलं.

शोरूमच्या मागे मातीचा ढिगारा होता. रसिकाने मालनला बाजूला बसवून गाडी त्याच्यावर घातली. पुढचं एक चाक अधांतरी. "बघा मॅडम, हे हवेत फिरतंय, पण मागची दोन ढकलतायत. आता हे गोल बटण. मड, सँड, स्नो. तुम्ही मडवर ठेवायचं."

"स्नो कशाला? डोंबिवलीत बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर."

"मग गोळेवाल्याकडे जाताना लावा."

मालनने बटण मडवर फिरवलं. टक. तो टक तिच्या बोटांत राहिला.

गाडी पाडव्याला मिळाली. शोरूममध्ये पंचवीस कुटुंबं आणि एकच फोटोवाला. लाल कापड ओढायचं, मोठ्ठी खोटी चावी हातात धरायची, पेढा भरवायचा. रवींद्र घड्याळ बघत होता, "मुहूर्त जातोय गं." रसिकाने कागदांची चळत पुढे केली आणि नेलपॉलिश लावलेलं बोट ठेवत गेली. "इथे मॅडम. इथे. आणि इथे." मालनने चष्मा काढायला पर्समध्ये हात घातला.

"आई, मी वाचलंय सगळं," संदेश म्हणाला. "माझ्यावर पण विश्वास नाही का आता?"

तिने सही केली. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली होती. रवींद्र म्हणाला, "चारही ओढतात ना, म्हणून चार." रसिका हसली नाही, हे मालनला नंतर आठवलं. तेव्हा तिचं लक्ष मागच्या दारावरच्या चकचकीत अक्षरांकडे होतं: फोर बाय फोर. तिने पदराच्या टोकाने ती पुसली.

गाडीत बसल्यावर तिने बटण शोधलं. बटण होतं, पण त्यावर इको, नॉर्मल, स्पोर्ट.

"यात चिखल कुठाय रे?"

संदेशने क्षणभर रवींद्रकडे पाहिलं. "हे पुढचं मॉडेल आहे आई. यात आपल्याला काही करावं लागत नाही. सॉफ्टवेअर असतं. चिखल आला की गाडीला स्वतःच कळतं."

"स्वतःच?"

"स्वतःच."

झालं. बाई त्या वाक्याच्या प्रेमात पडली. एप्रिलमध्ये, कोरड्या मातीत, गाडी सुरसुर करत पाड्यावर नीलाच्या दारात पोचली, तेव्हा तिने अंगणातल्या बायकांना सांगितलं, "माझ्या गाडीला चिखल कळतो." सोसायटीच्या हळदीकुंकवाला सांगितलं. पेट्रोलपंपावर सांगितलं. रवींद्रचे धाकटे भाऊ सुदेश जेवायला आले, तेव्हा ताटावरून उठवून त्यांना खाली नेऊन गाडी दाखवली. "भाऊजी, आपल्याला कळायच्या आधी तिला कळतं." वर गॅलरीतून घरातले तिघं बघत होते. एरवी हा विषय निघाला, की ऐश्वर्या नेमकी स्वयंपाकघरात काहीतरी बघायला जायची. संदेश मोबाइलमध्ये डोकं घालायचा. मालनला वाटायचं, पोरांना कंटाळा आला असेल, सारखं तेच तेच सांगते मी.

ऑगस्टमध्ये नीलाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. कल्याणच्या हॉस्पिटलात, मंगळवारी. मालनने रविवारीच तिला आणायचं ठरवलं.

"तू खाली रस्त्यावरच थांब हां," सकाळी चहा घेताना रवींद्र म्हणाला.

"का?"

"नाही, आपलं. पाऊस आहे."

"पावसासाठीच घेतलीय ना."

"तरी पण. वर नको घालूस." चप्पल घालेपर्यंत त्याने हे तीनदा म्हटलं. पडघ्याला पोचते तोवर संदेशचा फोन, "आई, वर जाऊ नको हां, प्रॉमिस?" मालन हसली. किती काळजी करतात, वेडे.

चढणीच्या पायथ्याशी ती थांबली. माती नुसती लोण्यासारखी झालेली. तिने डॅशबोर्डवर हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवतात तसा, आणि म्हणाली, "हं, आता कळू दे."

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. लाल माती काचेपर्यंत उडाली. मालनने पाय उचलला, परत हळूच दाबला, क्लासवाल्याने शिकवलं होतं तसा. वाट बघितली. आता कळेल. आता मागची ढकलतील. गाडी मात्र सावकाश, मागे मागे घसरली आणि बांधाला टेकली. मागचं एक चाक चरात.

वरून माणसं उतरली. त्यांच्यात ट्रॅक्टरवाला आनंदा होता, नीलाचा पुतण्या. त्याने पोतं अंथरलं, गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

"मावशी, गाडी फोर बाय फोर हाय म्हणालावतात ना?"

"आहे. मागे लिहिलंय बघ."

"लिवलंय तं खरं." तो बाहेर आला, हात पुसत. "पण मागल्या चाकांना दांडाच नाय. इंजिनाकडून मागं जोर यायला शाफ्ट लागतो. हितं पोकळ हाय."

"अरे, ह्यात सॉफ्टवेअर असतं. तिला कळतं."

आनंदा हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं. "कळल ओ मावशी. पण कळून करल काय? मागं पाय तं पायजेत ना."

मालन वाकली. साडीचा काठ चिखलात गेला. तिला त्या गाडीखालचं काही समजत नव्हतं, पण पोकळ म्हणजे काय ते दिसलं. मग ती मागच्या दाराशी गेली आणि त्या अक्षरांच्या कडेला नख घातलं. कड उचलली गेली. खाली दुहेरी चिकटपट्टी, बाजारात मिळते ती.

आधी तिच्या मनात काय आलं, तर पाडव्याची लिंबं. मागची दोन उगाच चिरडली.

नीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसू शकत नव्हती, एवढे धक्के तिला सोसले नसते. तेव्हा झोळीच आली. बांबू, घोंगडी, चार खांदे. गाडीशेजारून जाताना नीलाने पदर डोक्यावरून पुढे ओढला नाही. तिने हात बाहेर काढून मालनच्या गालावरचा चिखल पुसला.

"मालू, इथवर आली ना गाडी. बास झालं."

तेवढ्याने मालनचा बांध फुटायला हवा होता. फुटला नाही. ती झोळीच्या मागून चालत उतरली. आनंदाने ट्रॅक्टरला साखळी बांधून गाडी डांबरीवर आणून दिली.

परतीच्या वाटेवर नीलाने विचारलं, "काय बिघडलं गं हिचं?"

"काही नाही ताई. बिघडलेलं काही नाही. ती तशीच आहे."

घरी पोचल्यावर तिने नीलाला आतल्या खोलीत निजवलं, दार लोटलं आणि बाहेर आली. तिघं सोफ्यावर ओळीत बसले होते. साडीवरचा चिखल बघून त्यांना काय ते कळलं होतं. चिखल त्यांना बरोबर कळला.

"हळू बोलायचं," मालन म्हणाली. "ताई जागी आहे. कुणी ठरवलं?"

रवींद्रने घसा साफ केला. "अगं, तू त्या चढणीवर गाडी घालणार, आणि एखादे दिवशी बाजूच्या ओढ्यात जाणार. मला झोप नाही लागायची."

"म्हणून खोटी गाडी?"

"खोटी कशी, आई," संदेश म्हणाला. "दोन चाकांची आहे एवढंच. तुझी होती तिला चार महिने वेटिंग. ही पाडव्याला मिळत होती, सनरूफ पण होतं. वर्षातनं दोनदा पाड्यावर जायचं, बाकी सगळं डोंबिवलीच्या ट्रॅफिकमध्ये. तिथे चार चाकं काय करणार?"

"सनरूफ कुणाला हवं होतं?"

ऐश्वर्या खाली बघत म्हणाली, "मी फक्त छान दिसतं म्हणालेले, आई. त्या अक्षरांचं मला नंतर कळलं."

"नंतर म्हणजे कधी?"

"पाडव्यालाच. संध्याकाळी."

"आणि रसिका?"

"अक्षरं मी चिकटवली. तिला फक्त गप्प राहायची रिक्वेस्ट केली," संदेश म्हणाला. "ती नाहीच म्हणत होती. कागदावर बरोबर मॉडेलच लिहिलं होतं, आई. तू वाचलं असतंस तर..."

तो थांबला, पण वाक्य खोलीत येऊन गेलं होतं.

"हो," मालन म्हणाली. "मी वाचलं असतं तर. चष्मा काढत होते मी. तू काय म्हणालास, ते आहे का लक्षात?"

संदेशने हातातला मोबाइल उपडा ठेवला.

"तुम्ही नको म्हणाला असतात. तोंडावर. भांडलो असतो, चार दिवस अबोला धरला असता, मी झोळीऐवजी दुसरी काही सोय केली असती. ते नाही." तिचा आवाज एवढा खाली आला, की तिघांना पुढे झुकावं लागलं. "भाऊजी जेवत होते. मी त्यांना उठवून खाली नेलं. गाडीला चिखल कळतो म्हणाले. तुम्ही तिघं गॅलरीतून बघत होतात. पाच महिने मी ते वाक्य बोलत होते आणि तुम्ही मला बोलू देत होतात."

"तुला कधी कळलंच नसतं गं," रवींद्र म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं, की ही समजूत आहे.

मालन वळली आणि साडी बदलायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नीलाचे रिपोर्ट गाडीत ठेवायला खाली आली, तर संदेश मागच्या दाराशी उकिडवा बसलेला. वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढून आणलेली, हातात ऐश्वर्याचा केस वाळवायचा ड्रायर. अक्षरांवर गरम हवा सोडत होता.

"गोंद सुटतो याने," तो मान वर न करता म्हणाला. "डाग पण राहणार नाही."

"राहू दे ते."

"आई, प्लीज. काढतो ना मी."

"बंद कर."

ड्रायर बंद झाला. मालनने काल उचललेली कड अंगठ्याने दाबून परत बसवली, नीट, आडवी करून.

"गुडघा बरा झाला की ताईला परत सोडायला आनंदाचा ट्रॅक्टर सांगितलाय. ट्रॉलीत तो गादी घालणार आहे, हळू नेणार आहे. चढण मी तिच्याबरोबर चढेन. तुमच्यातलं कुणी येऊ नका." तिने रिपोर्ट मागच्या सीटवर ठेवले. "रविवारी सुदेशभाऊजी येतायत ताईला बघायला. गाडी कशी चालते विचारतील. विचारतातच ते."

"मग?"

"मग तू सांगायचं. मी सांगायचे तसंच. ताटावरून उठवून खाली आणायचं आणि सांगायचं, आपल्याला कळायच्या आधी हिला कळतं. मी गॅलरीत उभी असेन." तिने दार लावलं. "शब्द चुकवू नकोस. हवं तर लिहून देते, वाचून सांग."